पंपातलं उरलेलं रक्त

मंगळवार, रात्री

आज हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंट काकू पंपावरून, म्हणजे हार्ट-लंग मशीनवरून, व्यवस्थित उतरल्या. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा असर उतरवणारं प्रोटामिन सुरू झालं, मी पंपाचं सक्शन बंद केलं. सर्जनचं मुख्य काम इथे आटोपतं, पण हे मशीन चालवणाऱ्या आम्हा परफ्युजनिस्टांचं एक काम उरतं. हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत, रिझर्व्हायरमध्ये, ऑक्सिजनेटरमध्ये पेशंटचं रक्त राहिलेलं असतं. पातळ झालेलं, हेपॅरिन मिसळलेलं, पण त्याचंच. काकूंची चण बारीक, हिमोग्लोबिन मुळातच कमी. अशा अंगात सगळं मिळून रक्त जेमतेम तीन लिटर. त्यातलं उरलंसुरलं टाकून कसं द्यायचं?

सेल सेव्हरचा, म्हणजे रक्त धुणाऱ्या मशीनचा, बाऊल गरगर फिरायला लागला की जड लाल पेशी कडेला जमतात. मग सलाईनने धुणं. टाकाऊ पिशवीकडे जाणारं पाणी आधी लालभडक, मग गुलाबी, मग जवळजवळ नितळ. त्याबरोबर हेपॅरिन जातं, फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन जातं. पाणी नितळ झाल्याशिवाय मी बाऊल रिकामा करू देत नाही. हाती येतं ते गर्द, दाट रक्त, हिमॅटोक्रिट, म्हणजे लाल पेशींचं प्रमाण, 50-60 टक्क्यांच्या घरात. पिशवीवर नाव, नोंदणी क्रमांक, वेळ. चार तासांच्या आत चढवायचं.

धुताना प्लेटलेट्स आणि रक्त गोठवणारे घटकही वाहून जातात, हे शिकाऊ मुलांना मी पुन्हा पुन्हा सांगते. फार रक्तस्राव झाला तर नुसत्या धुतलेल्या रक्तावर भागत नाही, प्लाझ्मा मागवावाच लागतो.

1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ज्या रक्तगटाची नोंद केली, त्या ‘बॉम्बे’ गटाच्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्याच्यासाठी हे उरलेलं रक्त काय मोलाचं असेल! पण मला ते प्रत्येकाच्याच बाबतीत वाटतं. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी, नातेवाईक डोनरसाठी वणवण करतात, आणि काही ठिकाणी सेल सेव्हरचा सेट महाग म्हणून पंपातलं रक्त सरळ कचऱ्यात जातं. मला ते बघवत नाही. सेल सेव्हर नसेल तर निर्जंतुक पिशवीत काढून तसंच परत देता येतं. हेपॅरिनपुरतं थोडं प्रोटामिन जास्त लागतं, इतकंच.

काकूंना ओटीत रक्तपेढीची एकही पिशवी लागली नाही. मुलगा गावाहून दोन डोनर घेऊन खाली बसला होता. त्याला म्हटलं, त्यांना जेवू घाल, पण आज परत पाठवू नकोस. रात्री ड्रेन, म्हणजे छातीतल्या नळीतून येणारं रक्त, वाढला तर लागतील.