दुसरी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत

इंडियाना राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात मी ॲथलेटिक ट्रेनर आहे. हे ऐकलं की लोकांना वाटतं, मी जिममध्ये व्यायाम शिकवते. तसं नाही. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, पोरगा पडला की सगळ्यात आधी धावायचं, काय लागलंय ते ओळखायचं आणि तो परत उतरणार की नाही ते ठरवायचं, हे माझं काम. फिजिओथेरपी कोल्हापुरात शिकले, मग इथे येऊन या विषयात मास्टर्स केलं. हा माझा सातवा सीझन.

फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि शोल्डर पॅडवाला. आपला फुटबॉल मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघितलाय. आमचं घर शिवाजी पेठेत, त्यामुळे शिवाजी तरुण मंडळाशिवाय दुसरं नाव घरात चालायचं नाही. पाटाकडील तालमीच्या टीमशी मॅच असली की बाबा जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे आणि मला सायकलवर पुढे बसवून निघायचे. झेंडे, हलगी, शिट्ट्या, घसा बसेपर्यंत आरडाओरडा. पब्लिक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेच यायचं.

म्हणून इथला पहिला सामना बघून मी हिरमुसले होते. एका बाजूला ॲल्युमिनियमच्या बाकांचा स्टँड, समोर पाहुण्यांसाठी त्याहून छोटा, एका टोकाला गवताचा उतार, आणि रस्त्यापलीकडे थेट मक्याचं शेत. सगळे मिळून सहाशे माणसं. याच देशात मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम 1,07,601 जणांचं आहे आणि ते भरतं. आमचं कॉलेज तिसऱ्या डिव्हिजनमधलं. या डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळणारी साधारण 240 कॉलेजं आहेत आणि खेळासाठी म्हणून कुणालाही एक डॉलरची शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं फी भरून शिकतात, पहाटे वेट रूममध्ये येतात, दुपारी लॅब करतात, संध्याकाळी प्रॅक्टिस. टीव्ही नाही, पैसा नाही.

छोट्या कॉलेजांना गर्दी होतच नाही असंही नाही. आमच्याच राज्यात वॉबॅश आणि डीपॉ या दोन कॉलेजांचा सामना 1890 पासून चाललाय. 1932 पासून जिंकणाऱ्याला मोनॉन रेल्वेची, जवळजवळ तीनशे पौंडांची घंटा मिळते. त्या शनिवारी दोन्ही गावं रिकामी होतात. न्यूयॉर्कमधल्या इथाका आणि कॉर्टलंडचा 2019 चा सामना मेटलाइफ स्टेडियमवर झाला, तेव्हा 45,161 लोक आले होते. पण ते वर्षातून एकदा. बाकीच्या शनिवारी आमच्यासारखीच स्थिती असते.

आमच्या स्टँडमध्ये कोण असतं ते मला हळूहळू कळत गेलं. आया असतात. जॅकेटवर मुलाच्या फोटोचा हातभर मोठा वाटावा असा बिल्ला, अंगात त्याच्याच नंबरची जर्सी. सत्तरच्या दशकात खेळलेले आजोबा असतात. रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेपर तपासायला घेऊन येतात आणि पहिल्या क्वार्टरनंतर गठ्ठा बाकाखाली सरकवतात. चाळीसजणांचा बँड असतो. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या लागतात आणि पाहुण्या टीमच्या पालकांनाही ताट भरून दिलं जातं, कारण पुढच्या वर्षी त्यांच्या गावी ते आपल्याला देणार असतात. आणि वरून तिसऱ्या रांगेत, कडेच्या बाकावर, एक निवृत्त शेतकरी बसतात. त्यांचा मुलगा वीस वर्षांपूर्वी इथे खेळला. तो आता दूरच्या राज्यात असतो, पण हे एकही सामना चुकवत नाहीत. त्यांच्या हातात गाईच्या गळ्यातली घंटा असते, पितळी, कड झिजलेली. आमच्या टीमने चेंडू एक यार्ड जरी पुढे नेला तरी ती वाजते. साइडलाइनवर पाठमोरी असताना काय झालं ते मला त्या घंटेवरून कळतं.

नोव्हेंबरमधला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. शेवटच्या वर्षाची पोरं त्या दिवशी आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात, लाउडस्पीकरवर एकेकाचं नाव घेतलं जातं, आईला फूल दिलं जातं. आमचा एक लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, आईबरोबर आला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. तो सव्वासहा फूट, आई त्याच्या छातीएवढी. चालताना तिनेच त्याला धरून नेल्यासारखं वाटत होतं.

त्याआधी आमची नेहमीची मेडिकल टाइमआउटची बैठक झाली होती. दोन्ही टीमचे ट्रेनर, आमचे डॉक्टर, ॲम्ब्युलन्सचे लोक आणि पंच पाच मिनिटं एकत्र उभे राहतात. ॲम्ब्युलन्स कुठल्या गेटने आत येणार, मान दुखावली तर डोकं कोण धरणार, खुणा कोणत्या. मी हे पन्नासेक वेळा केलं असेल. त्या दिवशी त्यातला एकेक शब्द उपयोगी पडला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये सहा मिनिटं उरली होती. त्यांचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, मधून घुसला, आमच्या लाइनबॅकरने खाली वाकून अडवलं. डोकं वर ठेवून टॅकल करायचं हे पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. पण तो क्षण इतका छोटा असतो. हेल्मेटचा माथा समोरच्याच्या मांडीवर आदळला. तो पाठीवर पडला आणि हललाच नाही.

मी पोचले, गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. "मान हलवू नकोस. मी धरलंय." तो शुद्धीत होता. म्हणाला, हात जळतायत. मी विचारलं, कुठला? म्हणाला, दोन्ही.

एक हात जळणं आम्ही दर आठवड्याला बघतो, खांद्याजवळची नस ताणली जाते आणि दोन मिनिटांत बरं वाटतं. दोन्ही हात म्हणजे मज्जारज्जू. माझ्या सहकाऱ्याने त्याच्या पायाला हात लावला आणि विचारलं, कळतंय का? तो म्हणाला, तुम्ही लावलात का?

एकदा डोकं धरलं की बोर्डवर बांधून होईपर्यंत सोडायचं नसतं. मानही वर करायची नाही. मला फक्त त्याचा चेहरा आणि त्यामागचं हातभर गवत दिसत होतं. त्यामुळे त्या दहा-बारा मिनिटांतलं मैदान मी नुसतं ऐकलंय.

लाउडस्पीकर बंद झाला. बँड थांबला. ॲल्युमिनियमचे बाक असे असतात की कुणी नुसतं कूस बदललं तरी आवाज होतो. सहाशे माणसं त्यांच्यावर बसलेली होती आणि एकही बाक वाजला नाही. झेंड्याची दोरी खांबावर टण टण आपटत होती. रस्त्यापलीकडच्या कोठारात मका वाळवायच्या पंख्याची घरघर चालली होती, ती मला सात वर्षांत कधी मैदानावर ऐकू आली नव्हती. स्टँडच्या पायऱ्यांवरून कुणीतरी उतरत होतं, एकेक पायरी, घाई न करता. मला कळलं, ही त्याची आई.

ती साइडलाइनपाशी थांबली. पुढे यायचं नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिथून तिने त्याला घरच्या नावाने हाक मारली, एकदाच, जेवायला बोलवावं तशा आवाजात. त्याचे डोळे त्या बाजूला वळले. मी म्हटलं, डोळे चालतील, मान नको. तो म्हणाला, "आईला सांगा, मी ऐकलं." मी वर न बघता ओरडून सांगितलं.

बॅटरीवरच्या स्क्रूड्रायव्हरने सहकाऱ्याने हेल्मेटची जाळी काढली. हेल्मेट आणि पॅड तसेच ठेवले. काढायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही, कारण एकच काढलं की मान वाकडी होते. आठ जणांनी उचलायचं होतं. त्यातले तिघे समोरच्या टीमचे होते, त्यांची ट्रेनर माझ्या शेजारी गुडघ्यावर आली होती. "तीन म्हटल्यावर," मी म्हटलं, आणि उचललं. बोर्ड खाली सरकला, पट्टे बांधले गेले, मग मी हात सोडले आणि मान वर केली.

टीव्हीवर अशा वेळी खेळाडू अंगठा वर करतो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्याला अंगठा वर करता येत नव्हता. टाळी कुणी वाजवली नाही. सगळे उभे राहिले, दोन्ही बाजूंचे, आणि ॲम्ब्युलन्स गेटबाहेर जाईपर्यंत उभेच राहिले. डॉक्टर आणि आई तिच्यातून गेले.

आमच्या नियमाप्रमाणे मैदानावर ॲम्ब्युलन्स नसेल तर खेळ चालू होत नाही. या गावाकडे एकच. दुसरी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून यायची होती. अडतीस मिनिटं लागली. चार डिग्री तापमान, वारा सुटलेला, आम्ही चौदा गुणांनी मागे. घरी जायला एवढी कारणं पुरेशी होती.

मी माझ्या पोरांच्यात गुंतले. नव्वदजण, अंग गार पडत चाललेलं, काहीजण रडत होते. पण मधूनमधून स्टँडकडे बघत होते. पाहुण्यांचे पालक मैदानाला वळसा घालून आमच्या बाजूला यायला लागले. पाचसहा जण असतील असं वाटलं, मग रांगच लागली. त्यांनी घोंगड्या आणल्या, सकाळच्या शेगडीवरचा गरम रस्सा आणला. आई ॲम्ब्युलन्समधून गेली म्हणजे तिची गाडी इथेच राहिली, हे त्यांच्यातल्याच एका जोडप्याच्या लक्षात आलं. कोचच्या बायकोकडून किल्ली घेऊन नवऱ्याने तिची गाडी चालवली, बायको आपली गाडी घेऊन मागून गेली, चाळीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलपर्यंत. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या दिवशी खेळत होता. उरलेला सामना त्यांनी बघितलाच नाही.

त्यांचा रनिंग बॅक हेल्मेट मांडीवर घेऊन एकटा बसला होता. एकोणीस वर्षांचा. मी त्याच्याकडे गेले, मांडी तपासायच्या निमित्ताने, आणि सांगितलं की यात तुझी काही चूक नाही. तो मान हलवत होता पण ऐकत नव्हता. तेवढ्यात आमचा कॅप्टन अख्खं मैदान ओलांडून आला आणि त्याच्या शेजारी बसला. काय बोलले माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

आणि त्या शेतकरी आजोबांकडे माझं लक्ष गेलं. ते आपल्या जागीच होते. घंटा मांडीवर होती आणि हातमोज्यातली मूठ घंटेच्या आत होती. आतला लोलक त्यांनी मुठीत धरून ठेवला होता. हललं तरी वाजू नये म्हणून. पंधरा मिनिटांनी बघितलं, तसेच. दुसरी ॲम्ब्युलन्स गेटमधून आत आली तेव्हाही तसेच.

दोन्ही कॅप्टनना पंचांनी विचारलं, दोघेही खेळू म्हणाले. मी पोरांकडून अंग मोकळं करून घेतलं, एकेकाला विचारलं, ज्या दोघांचे हात थरथरत होते त्यांना बसवून ठेवलं. खेळ सुरू झाला, पण आवाजाशिवाय. आमच्या पोरांनी वीस यार्ड मारले तरी घंटा वाजली नाही.

चौथ्या क्वार्टरमध्ये, नऊ मिनिटं उरलेली असताना, पाठीमागे काहीतरी झालं. मी मैदानाकडे तोंड करून उभी होते. आधी पहिल्या रांगेत एक हुंदका ऐकू आला, मग कुजबूज, आणि ती रांगेरांगेने वर चढायला लागली. आईने कोचच्या बायकोला मेसेज केला होता आणि सगळ्यांना सांग असं लिहिलं होतं: पायाची बोटं हलवतोय. लाउडस्पीकरवर कुणी सांगितलं नाही. एकाने दुसऱ्याला सांगत ते वर गेलं, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं, आणि मग घंटा वाजली.

ती थांबेचना. मैदानावर टाइमआउट चालू होता, कुणी काही केलेलं नव्हतं, तरी वाजत राहिली. मग बँडमधल्या पोराने ढोलावर काठी मारली आणि लोक ॲल्युमिनियमवर पाय आपटायला लागले. समोरचा पाहुण्यांचा स्टँडसुद्धा. मी शाहू स्टेडियममध्ये वाढलेली बाई. पण असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. साइडलाइनवरची पोरं मागे वळून बघत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की त्यांनाही बातमी लागली.

सामना दहा गुणांनी हरलो. एमआरआयमध्ये हाड मोडलेलं नव्हतं. मज्जारज्जूला हादरा बसला होता, आणि त्याच्या मणक्यातली नळी जन्मतःच अरुंद असल्याचं दिसलं. तिसऱ्या दिवशी तो चालत घरी गेला. पुन्हा खेळणार नाही. मे महिन्यात त्याने पदवी घेतली.

कमी गर्दी बघून छोट्या कॉलेजांचा फुटबॉल बंद करा म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांचं हिशोबाचं म्हणणं मला समजतं, पण पटत नाही, आणि त्या शनिवारनंतर तर ऐकवतही नाही. स्कोअरशीटवर उपस्थितीच्या चौकटीत त्या दिवशी 640 लिहिलं गेलं.

रात्री नऊला मी बाबांना फोन लावला. कोल्हापुरात रविवारची सकाळ होती, साडेसात वाजलेले, ते चहा घेत होते. सगळं सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. एरवी पहिला प्रश्न ठरलेला असतो, पब्लिक किती होतं.

बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "पोरगं कुणाचं?"

मी त्याच्या आईचं नाव सांगितलं, वडील काय करायचे ते सांगितलं, गाव सांगितलं, घर शाळेच्या मागे आहे तेही सांगितलं. बाबा हं हं करत ऐकत राहिले.