बाल्टिमोरच्या वर्गात पुरंदरची वाटी

गेल्या आठवड्यात इथं अमेरिकेत, बाल्टिमोरला, आमच्या वर्गात सराव होता: समोरच्या माणसानं चोवीस तासांत काय खाल्लं, ते कसं विचारायचं. टेबलावर मापाची भांडी, कप, चमचे मांडलेले. एक निळं भांडं माझ्या हातात आलं आणि मी थेट पुरंदर तालुक्यातल्या एका चुलीपाशी जाऊन पोचले.

इथं शिकायला येण्याआधी मी तिकडे गरोदर बायकांच्या आहाराची माहिती गोळा करायचे. पिशवीत मापाच्या स्टीलच्या वाट्या असायच्या. सातवा महिना लागलेल्या एकीला विचारलं, "आत्ता जेवताना आमटी किती वाट्या घेतली?" तिनं माझी वाटी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "वाटी कुठली, ताई? समद्यांचं झालं की पातेल्यात भाकर फिरवून घेते." पातेलं तिथंच होतं. आत भाकरी फिरवल्याचे पट्टे दिसत होते. मी फॉर्मवर अर्धी वाटी लिहिलं. ते मला अजून खुपतं. घरात कोण कुणाच्या आधी जेवतं, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

इथं या विषयावर बोलताना पुण्याचं नाव निघतंच. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांचा अभ्यास सुरू केला, तोही दिवस जाण्याआधीपासून. त्या बायकांचं सरासरी वजन होतं साधारण 42 किलो. बाळं जेमतेम पावणेतीन किलोच्या आत-बाहेर. हडकुळी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. पुढे असंही दिसलं की बऱ्याच जणींना बी-12 जीवनसत्त्व कमी पडत होतं. मेथी, दूध, पेरू. आपल्या मंडईत काय नाही? प्रश्न ताटात कुणाच्या पडतं हा आहे.

आणि याच ताटाशी टीबीचा संबंध आहे. अंगात ताकद नसली की दबून बसलेला जंतू उठतो. झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात टीबी झालेल्यांच्या घरच्यांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. डाळ-तांदूळ! बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हा धोका आणखी वाढतो, कारण गरोदरपणात बदललेली प्रतिकारशक्ती तेव्हा पुन्हा पालटत असते. शिवाय खोकला, थकवा, वजन न वाढणं, सगळं 'दिवस आहेत, होणारच' म्हणून सोडून दिलं जातं.

हे मी परीक्षेसाठी पाठ करत होते, तोवर आमच्याच घरी आलं. दोन महिन्यांपूर्वी हडपसरला बाबांना टीबी निघाला. औषधं चालू आहेत, ते सावरताहेत. वहिनीला पाचवा महिना आहे. रविवारी सकाळी सात वाजता मी फोन लावते तेव्हा तिकडे साडेचार झालेले असतात. या वेळी बोलताना ती तीनदा खोकली.

"कधीपासून आहे गं?"

"झाले की पंधरा दिवस. दवाखान्यात सांगितलं, तर म्हणाल्या या दिवसांत असतंच."

"आणि जेवलीस कधी?"

"आत्ताच. बाबांचं पथ्याचं, मग ह्यांचा डबा, आईंचं... तुम्ही नका काळजी करू, ताई."

मी दादाला लगेच फोन केला. दोन आठवड्यांचा खोकला आणि घरात टीबीचा पेशंट, एवढं सांगितलं तरी पुरेसं आहे, थुंकी तपासायलाच हवी. आईशीही बोलले. आई आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "आमच्या वेळी कुणी विचारलं नाही गं."

सोमवारी दादा वहिनीला घेऊन गेला, नमुना दिलाय. काल आईनं फोटो पाठवला: दुपारचे बारा, ओट्याशेजारच्या खुर्चीवर वहिनी, पुढ्यात मेथीची भाजी, वरण-भात, ताक. बाकी कुणाची ताटं अजून मांडलेली नव्हती. रिपोर्ट उद्या येईल.