घरमालकाची सही

जर्मनीत शिकायला निघालेल्यांना सगळे एपीएस प्रमाणपत्राची (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) आणि श्पेअरकोंटोची (तिथल्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच मिळते) भीती घालतात. श्पेअरकोंटोत वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, आधी भरून ठेवावे लागतात हे खरं. पण ही कामं घरी बसून, जरा वेळ हातात ठेवून होऊन जातात. व्हिसाही मिळाला. मी अडकलो ते तिथे पोचल्यावर, एका पानाच्या कागदापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ब्यूर्गरआम्टात, म्हणजे नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, पत्त्याची नोंद करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, फॉर्म आणि तिसरं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. शब्द तोंडात मावत नाही, अर्थ मात्र साधा: 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असं घर देणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं. नोव्हेंबर २०१५ पासून हा कागद सक्तीचा आहे. आपण नोंदवलेल्या भाडेकरारावर वाढलेली माणसं, करार छातीशी धरून जातो. खिडकीपलीकडची बाई तो उलगडूनही पाहत नाही. आणि तारीख राहायला आल्याची हवी, कराराची नव्हे. करार १ तारखेचा आणि तुम्ही उतरलात १२ ला, तर १२ लिहा.

ही नोंद नसेल तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत. खातं नाही तर श्पेअरकोंटोतले स्वतःचेच ९९२ युरो हातात येत नाहीत. कर क्रमांक नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. वास्तव्य परवान्याच्या अर्जालाही नोंदणीचाच दाखला जोडायचा. सगळ्या गाठी एकाच दोरीला.

माझी खोली पोटभाड्याची होती, मूळ भाडेकरू एका सत्रापुरता बाहेर गेलेला. तो म्हणे, सही मालकाची लागेल. मालकाच्या वतीने इमारत सांभाळणारी कंपनी ईमेलला उत्तरच देईना. मग मी आपल्या सवयीने ऑफिसात जाऊन उभा राहिलो, 'साहेबांना दोन मिनिटं भेटतो' म्हणत. तिथे साहेब नसतो, टर्मिन असतं, म्हणजे आधी घेतलेली वेळ. ती नसेल तर तुम्ही कितीही नम्रपणे उभे राहा, हसून परत पाठवतात. तीन आठवडे यात गेले, आणि त्याची गरजच नव्हती. कायद्याने 'घर देणारा' म्हणजे ज्याने तुम्हाला प्रत्यक्ष खोली दिली तो. मूळ भाडेकरू स्वतः सही करू शकतो, फॉर्मवर मालकाचं फक्त नाव लिहायचं असतं. हे मला दुसऱ्याच खिडकीवर, जाता जाता कळलं.

लोक सही द्यायला कचरतात त्यामागे बहुधा एकच कारण असतं: मालकाची परवानगी न घेता खोली दिलेली असते. म्हणून पैसे देण्याआधी लेखी विचारा, नोंदणी करता येईल का. जाहिरातीत 'नोंदणी शक्य नाही' असं असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडा. कागद देणं घर देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याने नकार दिला तर ते नोंदणी कार्यालयाला लगेच कळवायचं, तीही आपलीच जबाबदारी. पैसे घेऊन पत्ता विकणारे भेटतील. न राहणाऱ्याला पत्ता देण्याला ५०,००० युरोपर्यंत दंड आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका.

टर्मिन पत्ता ठरताच, भारतातूनच घ्या. पाच आठवड्यांनंतरची तारीख दिसली तरी आधी ती पकडा, मग रोज सकाळी लवकर कार्यालयाचं वेबपान उघडून बघा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा सापडतात. उशीर झाला तर नियमात १,००० युरोपर्यंत दंड लिहिलेला आहे. टर्मिन घेतल्याचा ईमेल छापून जवळ ठेवा. मला कुणी दंड विचारला नाही.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो चर्चच्या करासाठी. वसईच्या कॅथलिक मित्रमैत्रिणींनी तो विचार करून भरावा, पगार पुरेसा झाला की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के कापले जातात. बाकीच्यांनी 'काही नाही' लिहावं.

हे आधी सांगायला हवं होतं: पत्रपेटीवर आडनाव लावा, पहिल्याच दिवशी. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक सगळं पत्रानेच येतं. आपल्या पासपोर्टात बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. तिथे ती दोन्ही मिळून पहिलं नाव धरतात. पेटीवर आणि घंटीवर फक्त पासपोर्टातलं आडनाव हवं. पिवळा लिफाफा, म्हणजे सरकारी कार्यालयाचं अधिकृत पत्र, आला तर तो जपून ठेवा. त्यावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते, आणि उत्तराची मुदत तिथून मोजतात, तुम्ही उघडलात त्या दिवसापासून नाही.

फिरायचं असेल तर राष्ट्रीय व्हिसावर (शिकायला जाताना मिळतो तोच) इतर शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवस जाता येतं. व्हिसा संपत आला आणि परवान्याचं कार्ड हातात नसेल तर मिळणारा तात्पुरता कागद नीट वाचा. त्यावर तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर खूण असेल तरच देशाबाहेर जाऊन परत येता येतं. दिवाळीला घरचं तिकीट काढण्याआधी हे बघा.

नोंदणी झाली की पेटीत पडणाऱ्या पहिल्या काही पत्रांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं असतंच, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही हे कारण चालत नाही. सोबत राहणाऱ्यांपैकी एकजण भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून सुटता येतं. उत्तर मात्र द्यायचंच.