छापाचा पंखा, मण्यांचा गोंडा: आमची वाटचाल

चैत्रगौरीचं हळदीकुंकू, अक्षय्य तृतीयेचं दान आणि वैशाखातली लग्नं, या तीन निमित्तांवर आमचा पुण्यातला छोटा उद्योग उभा आहे. उदककुंभ, छत्री, जोडे यांच्याबरोबर पंखा देण्याची रीत जुनीच. आम्ही करतो तो घडीचा कागदी पंखा: ठशांनी छापलेला, दोन्ही कडांना बांबूच्या पट्ट्या आणि बुडाशी मण्यांचा गोंडा. लोक तो शोभेसाठी घेतात. तरी उघडल्यावर वारा आलाच पाहिजे आणि पन्नास वेळा उघडमीट करून एकही मोड फाटता कामा नये, हा आग्रह पहिल्या पंख्यापासूनचा. तो पाळता पाळता कामाचा क्रम जवळजवळ उलटा झाला. आमची वाटचाल म्हणजे खरं तर या क्रमाचीच वाटचाल.

सुरुवात कागदापासून. पहिल्या हंगामातले पंखे गिरणीच्या 170 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 170 ग्रॅम) कार्डाचे होते. मोडावर रंग तडकायचा, पांढरी रेघ दिसायची, आणि तीही काही ताव सोडून काहींवरच. कारण ग्रेन. गिरणीत कागद ओढला जातो त्या दिशेला त्याचे तंतू झुकतात. मोड त्या दिशेला समांतर असेल तर नीट बसतो, आडवा आला की तंतू तुटतात. ग्रेन ओळखायला बोटभर तुकडा एका बाजूने ओला करायचा. तो नळीसारखा वळतो आणि नळीची लांबी ज्या दिशेला तीच ग्रेनची दिशा. पंख्यात ग्रेन उंचीच्या दिशेने हवी, लांबीच्या नव्हे.

तिसऱ्या हंगामापासून आम्ही हातकागदावर आलो. पुण्यात हे सोपं आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासूनची, आणि कापडाच्या सुती कात्रणांपासून केलेला कागद मिळतो. हातकागदाचे तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, लांबही असतात, त्यामुळे तो मोडावर टिकतो. आम्ही 120 जीएसएम वापरतो. 90 चा कागद वारा घालताना लुळा पडतो. 200 चा घेतला तर मिटलेल्या घड्यांचा बुडाशी गठ्ठा होतो आणि पंखा उघडायलाच नको म्हणतो.

आता मापं. हातकागदाचा ताव 22 बाय 30 इंच, म्हणजे 56 बाय 76 सेंमी. त्यातून 72 सेंमी लांब आणि 20 सेंमी उंच अशा दोन पट्ट्या निघतात, म्हणजे एका तावात दोन पंखे. उरलेल्या तुकड्यात नावाच्या चिठ्ठ्या होतात. 72 सेंमी हा आकडा आम्हाला उशिरा सापडला. दोरा ओवायचं बुडाचं भोक तळापासून 8 मिमीवर असतं, म्हणजे त्रिज्या 19.2 सेंमी आणि अर्धवर्तुळाची वरची कड साधारण 60 सेंमी. पट्टीही 60 सेंमीचीच ठेवली तर पूर्ण उघडल्यावर वरच्या कडेला घडीच उरत नाही, कागद ताणून सपाट होतो आणि पंख्यातला ताठपणा जातो. ताठपणा घडीच्या नागमोडीतूनच येतो. पट्टी कडेपेक्षा निदान पंचमांशाने लांब असावी.

2 सेंमीच्या 36 पाकळ्या, म्हणजे दोन मोडांमधले भाग, पाडतो. संख्या समच हवी. सम पाकळ्या असल्या की मिटल्यावर दोन्ही बाहेरच्या बाजूंना कागदाची पुढची बाजू येते, दोन्ही बांबूच्या पट्ट्या पुढून चिकटतात आणि उघडलेला पंखा दोन्ही टोकांना सारखा दिसतो. विषम झाल्या तर एक पट्टी पुढे, एक मागे.

पूर्वी आम्ही आधी घड्या घालून मग ठसे मारत असू, जेणेकरून नक्षी पाकळीच्या मधोमध यावी. चूक तिथेच होती. घडी घातलेला कागद कितीही दाबून पसरला तरी मोडाशी उंचवटा राहतो, ठसा त्यावर डुलतो आणि छाप एका अंगाला फिका पडतो. आता ठसे आधी, सपाट कागदावर. जागा चुकू नये म्हणून पट्टी आधी 20.6 सेंमी उंच कापतो, वर आणि खाली अगदी कडेला दर 2 सेंमीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा करतो आणि छपाई झाल्यावर दोन्ही कडा 3-3 मिमी छाटून खुणांसकट काढून टाकतो. पट्टीभर आखलेल्या रेघा शाईखाली अडकतात, मग खोडता येत नाहीत.

ठसे गुजरातेतल्या पेठापूरचे, सागवानी. ते कापडासाठी कोरलेले असतात. कापड टेबलावरच्या गादीवर पसरून छापतात, म्हणून कागदाखालीही कांबळ्याच्या तीन-चार घड्या लागतात. लाकडी फळीवर थेट छापलं तर ठशाची कड उठते, मधला भाग कोरा राहतो.

नक्षीबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. पंखा उघडला तरी पाकळ्या तिरक्याच राहतात, त्यामुळे छाप आडवा आक्रसतो. वरच्या कडेपासून 3 सेंमी खाली 2 सेंमीची पाकळी जेमतेम 1.4 सेंमी दिसते. म्हणजे तिथे छापलेलं गोल फूल उघडल्यावर उभं लांबट दिसणार. म्हणून आमचं फूल मुद्दाम आडवं रुंद कोरून घेतलेलं आहे: 1.5 सेंमी रुंद, 1.1 सेंमी उंच. सपाट कागदावर ते दबल्यासारखं वाटतं, पंखा उघडला की गोल होतं. नवीन हाताला ही गोष्ट पहिल्याच दिवशी पंखा उघडून दाखवावी लागते, नाहीतर ठसा बिघडलाय असं वाटतं. बुडाकडचा 6 सेंमी भाग कोराच ठेवायचा; तो घडीत मिटलेला राहतो, तिथली शाई वाया जाते. दोन्ही टोकांच्या पाकळ्यांवर बांबू येतो, तेव्हा छापायच्या पाकळ्या 34.

शाईच्या बाबतीत हातकागद फार चोखंदळ आहे. स्टॅम्पपॅडची पातळ शाई तंतूंतून पसरते आणि कोयरीच्या शेपटीला लव फुटल्यासारखी दिसते. खळ कमी असलेल्या कागदावर तर जास्तच. आम्ही पिगमेंटची दाट शाई वापरतो: ताटलीत स्पंज, त्यावर मलमल, आणि ठसा मलमलीवर दोनदा हलकेच टेकवायचा. दाबून भरला तर बारीक रेषांत शाई साचते. दर 20-25 छापांनी ठसा मऊ ब्रशने झाडायचा. सोनेरी शाई सुकायला सर्वांत हट्टी. एप्रिलमध्ये तासाभरात हात लावता येतो, जुलैत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि घाई केली तर समोरच्या पाकळीवर उलटा छाप उमटतो. पावडर टाकून उष्णतेने फुगवलेला सोनेरी छाप दिसतो सुंदर, पण मोडाजवळ गेला की खपली उडते. तो आम्ही बंद केला.

क्रीज, म्हणजे मोडासाठी दाबून पाडलेली खोबणी, मारायला पूर्वी मागच्या मोडापासून पुढचे 2 सेंमी मोजायचो. दर वेळी पाव मिमी चुकलं तरी 35 मोडांत जवळजवळ 9 मिमी होतात आणि शेवटची पाकळी अरुंद पडते. आता प्लायची चौकट आहे, 2 सेंमीवर खाचा पाडलेली, आणि सगळी मापं एकाच कडेपासून. क्रीज एक पुढून, एक मागून अशी आलटून पालटून. खोबणीची रेघ मोडाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवी, म्हणजे आतला उंचवटा कागदाला वळायला जागा देतो. घड्या घातल्यावर दोन फळ्यांमध्ये 5 किलो वजनाखाली रात्रभर.

बांबूच्या पट्ट्या बुरूड आळीतून तासून येतात: 20 सेंमी लांब, 18 मिमी रुंद, 2 मिमी जाड, पेर नसलेल्या. बोरॅक्स आणि बोरिकच्या पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय घेत नाही, कारण घुणीचं पीठ पावसाळ्यात थेट कागदावर पडतं. पट्ट्या फेविकॉलने चिकटवताना पातळ हात फिरवायचा. जास्त झाला की त्यातलं पाणी कागद फुगवतं आणि टोकाची पाकळी पन्हाळीसारखी वाकते.

भोक सर्वांत शेवटी, आणि एकदाच. पूर्वी प्रत्येक पाकळीला आधी पंच मारायचो. 36 भोकं कधी एका रेषेत आली नाहीत. आता मिटलेला पंखा दोन रद्दी लाकडांत आवळून 2.5 मिमीच्या ड्रिलने आरपार. खालचं लाकूड विसरलं तर शेवटची बांबूपट्टी चिरते. ओवलेल्या दोऱ्याला 5 मिमी ढील द्यायची. ताणून गाठ मारली तर पंखा अर्धवर्तुळापर्यंत उघडत नाही आणि ओढाताणीत भोकं फाटतात. दोन्ही बाहेरच्या बाजूंना 6 मिमीचा लाकडी मणी अडसर म्हणून.

गोंड्यावर आमचा जीव. पहिल्या गोंड्यात 14 मिमीचे पाच काचमणी होते, मिळून 18 ग्रॅम. पंख्याचा सगळा कागद 17 ग्रॅम! हातात धरला की पंखा गोंड्याकडे झुकायचा. आता 10 मिमीचे तीन काचमणी, उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे, आणि 9 सेंमीचा रेयॉनचा गोंडा. सगळं मिळून 6-7 ग्रॅम. 9.5 सेंमीच्या पुठ्ठ्यावर 45 वेढे, एका बाजूला बांधायचं, दुसरीकडे कापायचं, माथ्यापासून 1 सेंमीवर मानेला 8 वेढे, मग किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी सरळ करायचा आणि कागदाच्या पुंगळीत घालून टोकं छाटायची. वाफ न देता छाटला तर दोन दिवसांनी धागे वेगवेगळे आखडतात, टोकं वरखाली दिसतात.

काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, सुती दोरा ती हळूहळू कापते. म्हणून मेणाचा नायलॉन दोरा दुहेरी, आणि दर दोन काचमण्यांमध्ये एक बारीक लाकडी मणी. गोंडा पंख्याच्या दोऱ्याला बांबूपट्टीच्या बाहेरच अडकवायचा, म्हणजे त्याचं झुलणं बांबूचं भोक सोसतं, कागदाचं नाही.

100 पंख्यांना 50 ताव लागतात, आम्ही 56 काढतो. रेयॉन धागा 900 मीटर. काचमणी 300 ऐवजी 330, कारण काहींची भोकं बुजलेली निघतात. पंखे मिटून, गोंडा बटर पेपरात गुंडाळून, आडवेच रचायचे.

सध्या हळदीकुंकवाच्या वाणासाठी लहान पंख्यावर काम चालू आहे. तावाच्या 56 सेंमीच्या बाजूने कच्च्या कडा छाटून 54 सेंमीची पट्टी मिळते, 1.8 सेंमीच्या 30 पाकळ्या. आधी उंची 16 सेंमी धरली तेव्हा घड्या फारच सपाट पडल्या. 15 वर आणल्यावर वरची कड 45 सेंमीच्या आत आली आणि नागमोडी बसली. एका तावात चार होतात. गोंडा 6 सेंमीचा, मणी एकच.