कुपीवरचा क्रमांक

अमेरिकेत मेरीलँड राज्यात येऊन मला तिसरं वर्ष लागलं, तरी घरचे फोनवर विचारतातच, "तू तिथे नक्की करतेस तरी काय?" आज नीट सांगते.

दीड महिन्यापूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक गोठवलेली कुपी आली, करंगळीपेक्षाही लहान. आत माणसाच्या कर्करोगाच्या गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून हलवत राहायची आणि बर्फाचा बारीकसा खडा उरला की लगेच बाहेर काढायची. गोठताना पेशींना जपणारं रसायन उबेत त्यांनाच बाधतं. हे काम जेमतेम दोन मिनिटांचं, पण तेवढ्या वेळात मी कुणाशी बोलत नाही. मग ते तुकडे उंदरांच्या कातडीखाली बसवले. या उंदरांत टी, बी आणि एनके या प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, म्हणून त्यांचं शरीर माणसाची गाठ नाकारत नाही.

कुपी आली याच राज्यातल्या फ्रेडरिक शहरातून. तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रुग्णांच्या गाठींपासून केलेल्या नमुन्यांचं भांडार उभारलं आहे आणि २०१७पासून ते इतर संशोधकांसाठी खुलं आहे. एकेक नमुना रुजायला महिनोन् महिने जातात, कित्येक तर रुजतच नाहीत. प्रत्येक प्रयोगशाळेने हे सगळं पहिल्यापासून का करायचं?

भांडाराचं खरं मोल मला एका चुकीतून कळलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेकडून फुप्फुसाच्या कर्करोगाचा नमुना घेतला होता. गाठ इतकी झपाट्याने वाढली की आम्ही खूश होतो. चार महिन्यांनी पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहिली आणि म्हणाल्या, हा लिम्फोमा आहे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचाच कर्करोग. मूळ तुकड्याबरोबर रुग्णाच्या बी पेशी आल्या होत्या, त्यांत एप्स्टाइन-बार विषाणू दबा धरून होता, बी पेशींना बेसुमार वाढायला लावू शकणारा. उंदरात त्याला आवरणारं कुणीच नव्हतं! चार महिने गेले, उंदीरही गेले. त्या उंदरांचं मला अजून वाईट वाटतं. चांगल्या भांडारात ही तपासणी आधीच झालेली असते, जनुकांचा तपशीलही सोबत मिळतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरं. गाठीला आधार देणाऱ्या माणसाच्या पेशी हळूहळू जाऊन तिथे उंदराच्या पेशी येतात. प्रतिकारशक्तीवर चालणारी औषधं तर या उंदरांत तपासताच येत नाहीत.

फ्रेडरिकहून तासाभरावर बाल्टिमोर. १९५१ साली तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्णाच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभर वाटल्या गेल्या. आमच्या कुपीमागच्या माणसाला मात्र विचारलं होतं, त्यांनी होकार दिला होता. नाव आम्हाला कधीच कळणार नाही. कागदावर आजाराचं निदान आहे आणि आधी घेतलेल्या औषधांची यादी. त्यातलं एक औषध लागू पडलं होतं, मग पडेनासं झालं. ते का, हेच आम्ही शोधतो आहोत.

आज सकाळी पाचपैकी एका उंदराच्या कातडीखाली बोटाला काहीतरी लागलं. मापायचा कॅलिपर लावला. वहीत कुपीचा क्रमांक लिहिला, पुढे चार मिलिमीटर.