मेंढी आजारी सासवडला, पण चिलट चावलं कुठे?

मी पुण्यात जनावरांच्या रोगांवर काम करते, त्यातही किटकांमुळे पसरणाऱ्या. सध्याचा विषय मेंढ्यांचा ब्लूटंग, म्हणजे नीलजिव्हा, आणि हवामान. बरंचसं काम खुर्चीत बसूनच होतं. एका बाजूला जुन्या साथींच्या नोंदी, दुसऱ्या बाजूला हवामान खात्याचे पाऊस-तापमानाचे आकडे, आणि बघायचं की कसली हवा झाली की मागोमाग साथ येते. पण मधूनच फोन येतो आणि सगळं टाकून गाडीत बसावं लागतं. तसाच एक फोन दिवाळीच्या थोडं आधी सासवडकडून आला आणि त्या दिवसाचं अजून डोक्यातून जात नाहीये.

फोनवर सांगितलं होतं लाळ्या-खुरकूत आहे. लंगडतात, लाळ गळते, मग दुसरं काय असणार, हे नेहमीचंच. एका डॉक्टरच्या गळ्यात इतकी गावं मारलेली असतात की तो लांबून बघूनच सांगणार, त्यांना मी दोष देत नाही. माळावर मेंढपाळांचा वाडा, म्हणजे कळपासकट फिरता मुक्काम, उतरलेला, फलटणकडचे लोक, कोकणच्या वाटेवर. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावलेली, आत आजारी मेंढरं वेगळी काढलेली. पहिली मेंढी धरली तेव्हाच कळलं. तोंड सुजून जड झालेलं, नाकपुड्यांवर वाळलेल्या शेंबडाची खपली, हिरडीला लालभडक व्रण. मग पाय उचलला. लाळ्या-खुरकूत असेल तर खुराच्या बेचक्यात फोड सापडतात, इथे बेचकी स्वच्छ होती, पण खूर जिथे केसांना मिळतो तिथे सगळीकडून जांभळट लाल पट्टा, बोट लावलं की मेंढी पाय ओढून घेत होती. हा पट्टा बघायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढी दोन मिनिटं कुणी देत नाही याचा मला मनापासून राग येतो, कारण निदान चुकलं की उपायही चुकतो. जीभ निळी बघायची वाट बघू नका, तशी मेंढी क्वचितच दिसते.

रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाची नळी पीसीआरसाठी, म्हणजे विषाणू शोधायच्या चाचणीसाठी, आणि लाल झाकणाची सीरमसाठी. मग फॉर्म भरायला बसलो. गाव, तालुका, तारीख. झालं. एवढ्यावर ती नोंद कायमची सासवडची होणार.

फॉर्म भरताना वाड्यावरच्या मेंढपाळ मामांना सहज विचारलं, याच्या आधी कुठे होतात. मामा विचार करायला लागले, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या मामी तिथूनच बोलल्या, "कोजागिरीला आम्ही नीरंच्या कडंला कॅनलखाली व्हतो की ताई, उसाला लागून रान व्हतं त्यात मेंढरं बसवली. लय चिलटं. रातभर मेंढरं पाय आपटत व्हती, कोकरांना तर झोपच न्हाई." मग त्यांनी सगळे मुक्काम ओळीने सांगितले, वाल्हे, जेजुरी, कुठे शेतकऱ्याने खतासाठी दोन रात्री ठेवून घेतलं, कुठे पाण्यावरून भांडण झालं, कुठे घोडं बिथरलं. तारीख एकही नाही, सगळं तिथीवर आणि बाजारावर, आणि एकदाही अडखळल्या नाहीत.

आता यात इतकं काय आहे ते सांगते. हा रोग मेंढीकडून मेंढीला सहसा लागत नाही, मधे क्युलिकॉइड्स नावाचं चिलट लागतं. डोळ्यापुढे घोंगावतात ती नव्हेत, ही रात्रीची, एक ते तीन मिलिमीटरची, पंखावर ठिपके असलेली. शेण मिसळलेल्या ओल्या चिखलात वाढतात. चावल्यापासून मेंढी आजारी दिसेपर्यंत साधारण आठवडा जातो. पहिली मेंढी आम्ही जायच्या तीन दिवस आधी आजारी पडली होती, म्हणजे मागे मोजलं की बरोबर कोजागिरीच्या आसपास पोचतो, नीरेच्या चिखलात. सासवडचा तो माळ कोरडा ठणठणीत. आणि हवामान खात्याचा पावसाचा नकाशा साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या चौकोनांचा असतो, त्यात नीरा एका चौकोनात आणि सासवड दुसऱ्याच. म्हणजे हवामानावरून साथीचा अंदाज बांधणारं आमचं कॉम्प्युटर मॉडेल शिकणार काय, तर कोरड्या माळावर, कमी पावसात साथ येते. शिवाय नीरेची ओल पावसाची नव्हतीच, कॅनलच्या पाझराची होती, ती पावसाच्या आकड्यात येणारच नाही.

तापमानाचंही तसंच. गर्मी वाढली की रोग वाढणार असं सरळ नसतं. साधारण १२-१५ अंशांच्या खाली विषाणू चिलटाच्या अंगात वाढत नाही, ३० च्या आसपास मात्र थोड्याच दिवसांत ते रोग द्यायला तयार होतं, पण त्याच उष्णतेत चिलटाचं आयुष्यही कमी होतं. या दोन्हींच्या शर्यतीत कोण जिंकतं ते त्या जागेच्या रात्रीच्या तापमानावर आणि ओलीवर ठरतं. २००६ मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत हा रोग पहिल्यांदा घुसला तेव्हा पसरवणारी चिलटं तिथलीच होती, बाहेरून आलेली नव्हती, आणि तो उन्हाळा कडक गेला होता. तिकडे मेंढ्या गोठ्यात आणि कुरणात एका जागी असतात म्हणून गाव लिहिलं की भागतं. आपल्याकडे मेंढी चालते. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९६४ मध्ये महाराष्ट्रातच, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत, आणि त्यातल्या किती वाड्यांच्या बाबतीत रोग जिथे दिसला तेवढंच लिहिलं गेलं असेल हा विचार मला झोपू देत नाही.

त्याच आठवड्यात एकाच रात्री नीरा आणि सासवड दोन्हीकडे लाइट ट्रॅप, म्हणजे चिलटं पकडायचे दिव्याचे सापळे, लावले, सूर्य मावळायच्या आत, जनावरांजवळ, डोक्याच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली निवडत बसले, माझ्या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. मादीच्या पोटावर वाइनसारखा लालसर रंग चढलेला दिसला की समजायचं ती एकदा रक्त पिऊन अंडी घालून आलीय, रोग द्यायची शक्यता असते ती हिच्याकडूनच. फिकट पोटाची अजून कुणाला चावलेलीच नसते. सासवडच्या बाटलीत मोजकी चिलटं, बहुतेक फिकट. नीरेच्या बाटलीत गाळ बसावा इतकी, आणि लाल पोटाच्या माद्या भरपूर.

मेंढ्यांचा पीसीआर पॉझिटिव्ह आला. नीरेच्या चिलटांचा मात्र निगेटिव्ह. आमचा मॉडेलवाला सहकारी हुशार आहे, गणितात त्याचा हात धरणारा कुणी नाही, तो लगेच म्हणाला मग पुरावा कुठाय. त्याचं शास्त्राने बरोबर आहे, साथीतसुद्धा हजारो चिलटांमागे एखादंच सापडतं, निगेटिव्हवरून काहीच सिद्ध होत नाही, माझंही नाही आणि त्याचंही. पण मामींचं बोलणं "ऐकीव माहिती" म्हणून बाजूला ठेवायचं आणि फॉर्मवरचं गाव मात्र "डेटा" म्हणून घ्यायचं, हे मला पटत नाही. त्यात पीसीआर मेंढीत कित्येक आठवडे, कधी महिने पॉझिटिव्ह येत राहतो, म्हणजे लागण कधीची हे तोही सांगत नाही. मुक्काम विचारल्याशिवाय इलाज नाही.

फॉर्ममध्ये मागच्या पंधरा दिवसांच्या मुक्कामांचा एक रकाना वाढवा असं लिहून दिलंय. उत्तर आलं की सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही. तोपर्यंत आम्ही फॉर्मच्या मागे पेनाने लिहितोय. फिल्डवरचे पशुवैद्यक कुणी हे वाचत असतील तर एवढं करा, वाड्यावर गेलात की आधीचे मुक्काम विचारा, तारखा नाही मिळाल्या तर तिथी, सण, बाजार काय सांगतील ते लिहा, कॅनल किंवा ऊस शेजारी होता का तेही, आणि घरच्या बायकांना नक्की विचारा. आम्हाला त्यावरून तारीख काढता येते.