किनाऱ्याचा दिनविशेष : वही दिवसवारीने लावली

वाचनालयाच्या ओट्यावरच्या फळ्याला या पावसाळ्यानंतर नवा काळा रंग दिला, त्या निमित्ताने फळ्यावरच्या नोंदींच्या वहीचीही नव्याने लावणी केली. नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. फळ्यावर रोज सकाळी एक नोंद जाते आणि ती कोकणपट्टीचीच असते, वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची. जगभरातले शोध, नटनट्यांचे वाढदिवस, कोण कधी चंद्रावर गेलं हे सगळं मोबाइलवर येतंच. त्यासाठी खडू झिजवण्यात अर्थ नाही.

आजवर वही सालवारीने होती. आता ती दिवसवारीने आहे: दर तारखेला एक पान, साल कुठलंही असो. काम किचकट निघालं, कारण पहिल्याच आठवड्यात कळलं की जुन्या नोंदी कुठल्या पानावर टाकायच्या हेच ठरत नाही. एकाच घटनेला दोन तारखा, कधी तीन, आणि सगळ्या बरोबर!

वसईचंच घ्या. चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईने हात टेकले, तहाची कलमं ठरली, ती तारीख एका पुस्तकात ५ मे १७३९, दुसऱ्यात १६ मे १७३९. पूर्वी अशा ठिकाणी मंडळी एकमेकांना खोटं ठरवायची. भानगड साधी आहे. पोर्तुगालने १५८२ सालीच ग्रेगरियन, म्हणजे आज चालतं ते पंचांग घेतलं, म्हणजे त्यांच्या कागदात १६ मे. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुन्या ज्युलियनवरच होते. अठराव्या शतकात ते अकरा दिवस मागे पडलेलं, म्हणून त्यांच्या हिशेबाने ५ मे. दिवस तोच. माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक तारीख आणि पलीकडे दुसरी, आणि दोघांचा व्यापार मात्र बिनबोभाट चालू.

त्यात मराठ्यांच्या दफ्तराची तऱ्हा तिसरी. शके आणि तिथी असतेच, पण पत्राच्या अखेरीला बहुतेक वेळा हिजरी महिन्याचा चंद्र आणि सुहूर सन असतो. ‘छ ७ सफर’ म्हणजे सफर महिन्याचा सातवा चंद्र, आणि पुढे अरबी आकड्यांच्या शब्दांत साल. सुहूर सन सूर्य मृगात शिरला की बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणीबरोबर साल बदलणारा हिशेब शेतसाऱ्याला सोयीचा, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. इंग्रजी कागदांत आणखी एक खोडा आहे: १७५२ पूर्वी त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या नोंदीवर ‘१७३८/३९’ असं जोडसाल दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

मग खरी तारीख कुठली हे तपासायचं कसं? मी चंद्राला विचारतो. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची तिथी मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १५८६. पुस्तकांतून तारीख येते २५ नोव्हेंबर १६६४. मोबाइलवरच्या ताऱ्यांच्या ॲपात मालवण निवडा आणि आजच्या पंचांगाप्रमाणे २५ नोव्हेंबर १६६४ टाका. आकाशात अर्धा चंद्र येतो, शुद्ध सप्तमी-अष्टमीचा. वद्य द्वितीयेला असा चंद्र असूच शकत नाही. आता तारीख दहा दिवस पुढे सरकवा, ५ डिसेंबर करा. संध्याकाळ उलटल्यावर पूर्वेकडून जवळजवळ पूर्ण गोल, एका कडेला किंचित झिजलेला चंद्र वर येतो. हीच द्वितीया. म्हणजे २५ नोव्हेंबर ही ज्युलियन तारीख आणि आजच्या हिशेबाने दिवस पडतो ५ डिसेंबरचा. सतराव्या शतकात दोन पंचांगांतलं अंतर दहा दिवसांचं, १७०० नंतर अकरा, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

राज्याभिषेकालाही हेच लावून बघा. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ६ जून १६७४ ही तारीख आपल्याला पाठ आहे, ती ज्युलियन. ॲपात ६ जून टाकलं तर तृतीयेची कोर दिसते, १६ जून टाकलं तर त्रयोदशीचा भरत आलेला चंद्र. यातून एक गोष्ट हाती लागते ती मला फार आवडते. ६ जून म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाऊस उंबरठ्यावर असलेला रायगड येतो. १६ जून म्हणजे कोकणात पाऊस सुरू झालेला असण्याचे दिवस. मुंबईहून आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवसांत गडावर होता. महाडकडून पाचाडला पावसात चढून गेलेल्यांना त्याची अवस्था कळेल.

फळ्यावर काय लिहायचं, याचा माझ्यापुरता निकाल असा: रूढ तारखेच्याच दिवशी लिहायचं, पुढे बारीक अक्षरात ‘जुनी पद्धत’, आणि खाली तिथी. २५ नोव्हेंबरची पायाभरणी ५ डिसेंबरला हलवायची नाही. हलवली तर अख्खं गाव ओट्यावर येऊन उभं राहील. मात्र वहीत ५ डिसेंबरच्या पानावर खूण आहेच, आणि तिथे एक गमतीचा योग जुळतो. आदल्या दिवशी, ४ डिसेंबरला, नौदल दिन. तो १९७१ साली कराचीवर केलेल्या हल्ल्याचा. सिंधुदुर्गाशी त्याचा तसा काही संबंध नाही. तरी २०२३ साली नौदलाने तो दिवस मालवणात साजरा केला, आणि आजच्या पंचांगाने दुसऱ्याच दिवशी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचा दिवस होता. ठरवून कुणी केलेलं नाही हे. (शिवजयंतीच्या तारखेबद्दल विचारू नका. तो वाद ज्याच्या अंगात बळ आहे त्याने करावा.)

सप्टेंबर १७५२ मध्ये इंग्रजांनी २ तारखेनंतर एकदम १४ तारीख घेतली आणि आपल्यासारख्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या तारखा सरळ आहेत. २ एप्रिल १७५५, हर्णैचा सुवर्णदुर्ग कमोडोर विल्यम जेम्सच्या हाती. लंडनच्या आग्नेय बाजूला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे, तिच्यावर तिकोनी बुरूज उभा आहे. जेम्सच्या मागे त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये बांधून घेतला. त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे सुवर्णदुर्गच, साहेबाच्या तोंडातून गेलेला. हर्णैच्या बंदरावर रोज मासळीचा लिलाव चालतो, तिथून समोर दिसणाऱ्या किल्ल्याच्या नावाचा बुरूज लंडनमध्ये आहे हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल? १३ फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह. ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या ताब्यात होतं, ते पेटलं आणि आग लागोपाठ तुळाजींच्या सगळ्या आरमाराला लागली. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून आंग्र्यांचा काटा काढला आणि त्याबरोबर किनाऱ्याची राखणही घालवली, असं माझं मत आहे. फळ्यावर मत लिहीत नाही, इथे लिहितो.

विजयदुर्गच्याच दुसऱ्या एका पानावर बराच वेळ गेला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ग्रहण खरं, तारीखही पक्की. ग्रहणाची तारीख कुठल्याही पंचांगाला फिरवता येत नाही. खग्रासाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा गेला. पण लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहण नसतानाही बघता येतो हे त्याने दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. लॉकयरने तीच गोष्ट स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये २० ऑक्टोबर १८६८ ला साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली, आणि पुढे फ्रेंचांनी दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं. वर्णपटातली ती पिवळी रेघ सोडियमची नव्हे, कुठल्या तरी नव्या मूलद्रव्याची, हे लॉकयरने ओळखलं. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, रॅम्झीला.

मग विजयदुर्गाचं नाव आलं कुठून? ते तीस वर्षांनंतरच्या ग्रहणातून. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला लॉकयर खरोखर विजयदुर्गावर होता. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्याने दुर्बिणी नि कॅमेऱ्यांवर बसवले होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला जेऊरला होते. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून जे दाखवतात, त्यांच्याशी जोडायची असेल तर ही तारीख जोडावी. लोकांच्या बोलण्यात दोन ग्रहणं एकात एक मिसळली आहेत. तेव्हा वहीत दोन पानं केली: १८ ऑगस्टला ग्रहण आणि पिवळी रेघ, २२ जानेवारीला लॉकयर विजयदुर्गावर. हेलियम दिन १८ ऑगस्टला होतो तो खुशाल व्हावा, मुलं त्या निमित्ताने वर्णपट बघतात. पण कुणी विचारलं तर मी दोन्ही पानं दाखवणार.

विसाव्या शतकात पंचांगाचा घोळ नाही असं वाटत होतं, पण कोयनेच्या भूकंपाने तिथेही अडवलं. आपल्याकडे तारीख ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. परदेशी भूकंपसूचीत तोच भूकंप १० डिसेंबरला आहे, कारण ग्रीनिचला तेव्हा आदल्या रात्रीचे अकरा वाजत होते. चिपळूण-पोफळीकडची जी माणसं अंथरुणातून उठून अंगणात पळाली, त्यांच्यासाठी ११ च. बाकी महाडचं २० मार्च १९२७, चवदार तळं. रत्नागिरीच्या पतितपावन मंदिराचं २२ फेब्रुवारी १९३१. कोकण रेल्वेचं २६ जानेवारी १९९८. ही पानं एका बैठकीत झाली.

दिवसवारीने लावल्यावर आणखी एक गोष्ट पानं चाळतानाच नजरेत भरली. आरमाराच्या नोंदी फेब्रुवारी, एप्रिल, मे, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा दाटीने येतात; जून ते ऑगस्ट साफ कोरं. दर्या बंद म्हणजे लढाईही बंद. चिमाजी आप्पांनी वसईला मे महिन्यात निकराचे सुरुंग का लावले ते या कोऱ्या पानांकडे बघून कळतं. मिरगाच्या आत मोहीम उरकली नाही तर वेढा चिखलात. खांदेरीचं कामही असंच. महाराजांच्या माणसांनी बेटावर तटबंदीला हात घातला तो १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाचा जोर ओसरताना, आणि मायनाक भंडारी, दौलतखान यांची इंग्रजांशी समुद्रात मोठी झुंज झाली ती १८ ऑक्टोबरला (जुनी पद्धत).

जुलैची पानं भरतात ती पाण्यानेच. १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेवर माणसं गेली. दिवस आषाढ अमावास्येचा, लोक सणाला घरी निघालेले. २६ जुलै २००५ ला महाड परिसरात पूर आणि दरडी, २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर आणि त्याच दिवशी तळीयेची दरड. २३ जुलैला टिळकांचा जन्म (१८५६, रत्नागिरी) आहे म्हणून त्या आठवड्यात एक तरी नोंद वेगळी लिहिता येते.

वादळांची पानंही जोडीने येतात: एक झुंबड मे-जूनला, दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरला; अरबी समुद्राच्या वादळांचे हंगामच तसे. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात, निसर्ग ३ जून २०२०. आणि ११ नोव्हेंबरचं पान असं: १९२७ साली त्या दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, २००९ साली त्याच तारखेला फयान. आमच्या बंदरावरच्या एका वयस्क तांडेलांना फयानची तारीख विचारली, तर म्हणाले, “तारीख खयची ता माका नाय सांगूक येवचा. तुळशीची लग्ना होवन गेलली, इतक्या आठावता.” जंत्रीत बघितलं. ११ नोव्हेंबर २००९, कार्तिक वद्य पक्ष. तांडेल बरोबर.

म्हणून आता वहीत प्रत्येक पानाला तिथीचा रकाना वाढवतो आहे, विसाव्या शतकाच्या नोंदींनाही. पुढचं काम आंग्र्यांच्या तारखांचं. कान्होजींचा मृत्यू ४ जुलै १७२९ असा सगळीकडे छापतात. ती तारीख नव्या पद्धतीची की जुन्या, हे तिथीवरून चंद्र बघून पक्कं करायचं आहे. कुणाकडे अलिबागकडचे तिथीसह छापलेले कागद असतील तर फोटो पाठवा. आणि जुन्या बोट कंपन्यांचं वेळापत्रक कुणाच्या माळ्यावर असेल तर तेही चालेल, त्यात पावसाळ्याआधी बोटी कुठल्या तारखेला बंद व्हायच्या ते लिहिलेलं असतं. कोऱ्या पानांची सुरुवात तिथून धरता येईल.